एचआयव्ही आणि जोडीचे संसर्ग : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एचआयव्हीच्या जोडीने शरीरात शिरणाऱ्या किंवा आधीपासूनच दडून बसलेल्या दुसऱ्या संसर्गांविषयी आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेकांना एचआयव्हीची माहिती बऱ्यापैकी असते आणि दुसऱ्या आजाराचीही असते. गोंधळ उडतो तो दोहोंच्या मध्ये, म्हणजे कोणते औषध आधी, कोणते नंतर आणि कोणते थांबवले तर काय होते, या बाबतीत. त्यामुळे उत्तरांचा भर तेथेच ठेवला आहे. ही उत्तरे वाचून कोणीही आपल्या गोळ्यांत परस्पर बदल करू नये, एवढी विनंती.

प्रश्न : मी चार वर्षांपासून एआरटीच्या (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या न चुकता घेतो. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असाच अहवाल येतो आणि सीडी-४ पेशी ५०० च्या वर आहेत. गेला महिनाभर बारीक ताप व खोकला आहे आणि वजनही उतरले आहे. बेडक्याच्या तपासणीत जंतू निघाले नाहीत, तरी डॉक्टर टीबीचा संशय सोडायला तयार नाहीत. विषाणू आटोक्यात असताना टीबी कसा होईल?

उत्तर : तुमचे डॉक्टर योग्य तेच करत आहेत. एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंमागचे जगातील सर्वांत मोठे कारण आजही क्षयरोग हेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात सुमारे १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित क्षयरोगाने दगावले. क्षयाचे जंतू श्वासावाटे आत गेले की बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती कडे करतात आणि जंतू वर्षानुवर्षे तेथेच कोंडलेले राहतात. हे कडे उभारण्याचे आणि टिकवण्याचे काम मुख्यतः सीडी-४ पेशींच्या भरवशावर चालते, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी नष्ट करतो. त्यामुळे एचआयव्ही नसलेल्या माणसात असे सुप्त जंतू उभ्या आयुष्यात आजार निर्माण करण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते, तर एचआयव्हीवर उपचार न घेणाऱ्या माणसात ती एकेका वर्षाला जवळपास तेवढीच असते.

एआरटीमुळे हा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी होतो, परंतु तो एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका खाली येत नाही. सीडी-४ चा आकडा वर चढला तरी आधी गमावलेल्या पेशींमध्ये क्षयाचे जंतू ओळखणाऱ्या ज्या पेशी होत्या, त्या सगळ्या भरून येतातच असे नाही. म्हणून चांगला आकडा हा दिलासा आहे, हमी नव्हे.

आता बेडक्याविषयी. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू नजरेस पडायचे तर एका मिलिलिटरमध्ये ते साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. फुप्फुसात पोकळ्या पडलेल्या रुग्णात ते विपुल असतात; एचआयव्हीबाधितांत, विशेषतः प्रतिकारशक्ती खालावलेली असताना, पोकळ्या कमी पडतात आणि आजार लसिकाग्रंथी, फुप्फुसाचे आवरण, पोट किंवा मेंदूचे आवरण अशा ठिकाणी पसरलेला असतो. बेडका ‘निगेटिव्ह’ येणे याचा अर्थ क्षय नाही, असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून शिफारस करत असलेली जनुकीय चाचणी कमी जंतूही पकडते आणि जंतूंवर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालणार की नाही, हेही काही तासांत सांगते. ती झाली नसेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा.

क्षय नाही असे निश्चित ठरले, तर प्रतिबंधक उपचारांविषयी जरूर बोला. त्यात आयसोनियाझिड सहा महिने रोज किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे देतात. सोबत बी-६ जीवनसत्त्व असते, कारण आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात. मात्र अंगात सक्रिय क्षय असताना हे एकदोन औषधांचे उपचार दिले गेले, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. त्यामुळे आधी तपास पुरा करण्याचा डॉक्टरांचा आग्रह तुमच्या हिताचा आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आणि क्षयरोग असल्याचे एकाच वेळी कळले. आधी क्षयाची औषधे सुरू केली, दोन आठवड्यांनी एचआयव्हीची. त्याला बरे वाटू लागले होते. पण एचआयव्हीची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले तोच ताप उलटला आणि मानेच्या गाठी दुप्पट सुजल्या. इतरांना दिवसातून एकच असणारी गोळी त्याला सकाळ-संध्याकाळ दिली आहे. डोस जास्त झाला असे घरच्यांना वाटते. काही दिवस थांबवावी का?

उत्तर : थांबवू नका, आणि याच आठवड्यात त्याला तपासणीसाठी घेऊन जा. तुम्ही वर्णन केले आहे ते बहुधा उपचार लागू पडल्याचे लक्षण असावे, पण हे तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही. एआरटी सुरू झाल्यावर विषाणूंची संख्या काही आठवड्यांत कोसळते, प्रतिकारपेशी परततात आणि आतापर्यंत ज्यांच्याकडे त्यांचे लक्षच नव्हते त्या क्षयाच्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही, एकदम तुटून पडतात. त्यातून ताप येतो, गाठी सुजतात, कधी छातीत पाणी वाढते. सीडी-४ फार कमी असलेल्या आणि क्षयाचे उपचार नुकतेच सुरू झालेल्या रुग्णांत हे अधिक दिसते. बहुतेक वेळा दोन्ही औषधे चालू ठेवून सूज उतरवणारी औषधे दिली जातात आणि त्रास फार असेल तर काही आठवडे स्टेरॉइड देतात. मात्र अशी लक्षणे इतर कारणांनीही येतात : जंतू औषधाला दाद देत नसतील, गोळ्या चुकत असतील किंवा तिसराच एखादा संसर्ग असेल. ही कारणे वगळल्याशिवाय डॉक्टरही निष्कर्षावर येणार नाहीत.

हा त्रास होतो हे ठाऊक असूनही एआरटीची घाई का करतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. २०११ साली कंबोडियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात प्रतिकारशक्ती अतिशय खालावलेल्या क्षयरुग्णांपैकी काहींना दोन आठवड्यांनी आणि काहींना आठ आठवड्यांनी एआरटी सुरू केली होती. लवकर सुरू केलेल्या गटात गाठी सुजण्याचा त्रास अधिक झाला, परंतु मृत्यूचे प्रमाण १८ टक्के राहिले. थांबलेल्या गटात ते २७ टक्के होते. सुजेवर इलाज करता येतो. आता सीडी-४ कितीही असो, क्षयाचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. याला महत्त्वाचा अपवाद मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचा : तेथे सूज कवटीच्या आत येते आणि तिला पसरायला जागा नसते, म्हणून चार ते आठ आठवडे थांबतात.

राहिला दोन वेळच्या गोळीचा प्रश्न. तुम्ही नाव लिहिलेले नाही, पण ती डोल्युटेग्रॅव्हिर असावी. क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृतातील औषधे मोडणाऱ्या वितंचकांना (एन्झाइमना) इतके कामाला लावते की डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात पुरेसे टिकतच नाही. म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांच्या अंतराने दोनदा देतात. हा जादा डोस नाही, गळती भरून काढणारा डोस आहे. रिफॅम्पिसिन बंद झाल्यावरही वितंचकांचा हा जोर ओसरायला वेळ लागत असल्याने आणखी दोन आठवडे तो तसाच चालू ठेवतात आणि मग एका गोळीवर येतात. हा शेवटचा बदल विसरला जाण्याचे प्रसंग येतात, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

प्रश्न : मला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही आहेत. टेनोफोव्हिर असलेली एकच गोळी सहा वर्षे घेते. आता दोन्ही विषाणू रक्तात सापडत नाहीत. टेनोफोव्हिरने मूत्रपिंड आणि हाडे बिघडतात असे वाचले. ते नसलेली नवी दोन औषधांची गोळी किंवा दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन मिळेल का? कावीळ बरी झाल्यासारखीच आहे ना?

उत्तर : बरी झालेली नाही, शांत आहे, आणि ती ज्या औषधामुळे शांत आहे तेच तुम्ही सोडू पाहत आहात. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशींच्या केंद्रकात आपल्या जनुकद्रव्याचे एक टिकाऊ कडे मागे ठेवतो. रक्तात विषाणू दिसत नसला तरी ते तेथे असतेच. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन (किंवा एम्ट्रिसिटाबिन) ही औषधे एचआयव्ही व हिपॅटायटिस बी या दोहोंवर चालतात, ही दोन्ही संसर्ग असलेल्यांची मोठी सोय आहे. पण त्यामुळेच एचआयव्हीसाठी केलेला साधा वाटणारा बदल यकृताला महागात पडू शकतो. औषध अचानक सुटले की विषाणू उसळतो, प्रतिकारपेशी बाधित यकृतपेशींवर हल्ला चढवतात आणि यकृताला तीव्र सूज येते. क्वचित यकृत निकामी होऊन जीवही जातो.

तुम्ही म्हणता ती दोन औषधांची गोळी बहुधा डोल्युटेग्रॅव्हिर आणि लॅमिव्ह्युडिनची असावी. तिच्यात हिपॅटायटिस बीवर चालणारे एकटे लॅमिव्ह्युडिन उरते, आणि ते एकटे वापरले तर काही वर्षांत हा विषाणू त्याला सरावतो. इंजेक्शनातील कॅबोटेग्रॅव्हिर व रिल्पिव्हिरिन यांचा तर हिपॅटायटिस बीवर काहीच परिणाम होत नाही.

याचा अर्थ तुमची काळजी निराधार आहे असा नाही. टेनोफोव्हिरच्या जुन्या रूपाने काहींच्या मूत्रपिंडांवर आणि हाडांच्या घनतेवर परिणाम होतो. म्हणून क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिनांची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते. बिघाड दिसलाच तर टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हे त्याचे नवे रूप मूत्रपिंडांना आणि हाडांना पुष्कळ सौम्य आहे. तेही जमत नसेल, तर एआरटी बदलताना हिपॅटायटिस बीसाठी एन्टेकाव्हिर वेगळे जोडता येते. एचआयव्हीमुळे हिपॅटायटिस बीबाधित यकृतात तंतुमयता लवकर वाढते, त्यामुळे मद्य पूर्ण वर्ज्य करावे आणि यकृताची सोनोग्राफी किती दिवसांनी करायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. घरातील माणसांची व जोडीदाराची तपासणी करून ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्यावी.

ज्यांना आपला हिपॅटायटिस बीचा अहवाल माहीत नाही, अशा प्रत्येक एचआयव्हीबाधित वाचकाने औषध बदलण्याच्या आधी तो मागून घ्यावा.

प्रश्न : नुकतेच एचआयव्हीचे निदान झाले, सीडी-४ फक्त ६० आहेत. एआरटी लगेच सुरू होईल असे वाटले होते. त्याऐवजी रक्तात बुरशी शोधण्याची चाचणी केली, लघवी तपासली आणि एक जुनीच प्रतिजैविकाची गोळी रोज घ्यायला सांगितली. मला डोकेदुखीसुद्धा नाही. हा वेळ वाया जात नाही का?

उत्तर : नाही. सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला प्रगत एचआयव्ही आजार म्हणतात आणि या अवस्थेत जीव घेणारे संसर्ग सुरुवातीला अगदी गप्प असतात. क्रिप्टोकॉकस ही बुरशी त्यांपैकी एक. तिचे अंश डोकेदुखी सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी रक्तात सापडतात. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर पाठीच्या कण्यातील पाणी काढून मेंदूच्या आवरणापर्यंत बुरशी पोहोचली आहे का ते पाहतात. पोहोचली नसेल तर फ्लुकोनाझोलने आजार रोखता येतो.

पोहोचली असेल, तर मात्र क्षयाच्या उलट नियम लागतो. २०१४ साली युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासात, क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात पहिल्या दोन आठवड्यांत एआरटी दिलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण सहा महिन्यांत दगावले; पाच आठवडे थांबलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. औषधे तीच, विषाणू तोच. फरक केवळ सुरू करण्याच्या वेळेचा. म्हणूनच आधी बुरशीची चाचणी, मग एआरटी. लघवीची चाचणी क्षयाच्या जंतूंच्या वेष्टणातील घटक शोधते आणि ती तुमच्याइतके सीडी-४ असलेल्यांतच सर्वाधिक उपयोगी पडते. या चाचण्यांचे अहवाल त्वरेने मिळतात, आणि काही आढळले नाही तर एआरटीला अजिबात उशीर करू नये.

रोजची गोळी को-ट्रायमॉक्साझोलची असणार. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या आजाराच्या नोंदीतून एड्स वैद्यकविश्वासमोर आला. त्यांना झालेला न्यूमोनिया रोखणारी हीच गोळी आहे. ती मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, हिवताप आणि अनेक जिवाणूजन्य संसर्गांपासूनही संरक्षण देते. जुनी आणि स्वस्त म्हणून तिला कमी लेखणारे रुग्ण भेटतात, क्वचित डॉक्टरही. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले तर मात्र ताबडतोब कळवा.

प्रश्न : कोणताही ताप आला की एचआयव्हीचा व्हायरल लोड वाढतो, हे खरे का?

उत्तर : उपचार न घेणाऱ्यांत बऱ्याच अंशी खरे आहे. संसर्गाशी लढताना सीडी-४ पेशी जाग्या होतात आणि एचआयव्हीला आपल्या प्रती काढण्यासाठी अशाच जाग्या पेशी लागतात. हिवतापात विषाणूंचे प्रमाण काही आठवडे वाढलेले आढळते, क्षयातही तसेच होते. नियमित एआरटी घेणाऱ्याच्या अहवालात अशा वेळी फार तर थोडी, तात्पुरती उसळी दिसते. ती पुढच्या तपासणीत गेलेली असते. नाही गेली, तर गोळ्या चुकतात का आणि औषध निकामी झाले का, हे पाहावे.

प्रश्न : माझा व्हायरल लोड दोन वर्षे ‘आढळला नाही’ असा आहे. जोडीदाराला माझ्यापासून एचआयव्ही होणार नाही, असे डॉक्टर सांगतात. मग दर सहा महिन्यांनी सिफिलिस आणि हिपॅटायटिस सीची तपासणी कशासाठी? आणि मला हर्पिसही आहे, त्यामुळे डॉक्टरांचे आश्वासन फोल ठरते का?

उत्तर : आश्वासन फोल ठरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात ७८२ समलैंगिक पुरुष जोडप्यांचा पाठपुरावा केला होता. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता आणि त्याचा विषाणू औषधांनी दबलेला होता. निरोधाविना हजारो संबंध येऊनही आणि अनेकांना इतर लैंगिक संसर्ग झालेले असूनही एकाही जोडीदाराला आपल्या साथीदाराकडून एचआयव्ही झाला नाही. हर्पिसच्या बाबतीत याची उलट बाजू बोलकी आहे. एचआयव्ही नसलेल्याला हर्पिस असला तर एचआयव्ही जडण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणून हर्पिसवर असायक्लोव्हिर दिले तर एचआयव्हीचा प्रसार घटेल, अशी मोठी आशा होती. २०१० साली आफ्रिकेतील तीन हजारांहून अधिक जोडप्यांच्या चाचणीत जननेंद्रियांवरचे व्रण पुष्कळ कमी झाले, रक्तातील एचआयव्हीचे प्रमाणही थोडे उतरले, प्रसार मात्र थांबला नाही. तो थांबवते एआरटीच.

पण एआरटी सिफिलिसला किंवा हिपॅटायटिस सीला अडवत नाही, आणि तपासणीचे कारण हे आहे. एचआयव्हीबाधितांत सिफिलिस डोळे, कान आणि मज्जासंस्थेपर्यंत लवकर पोहोचू शकतो. नजर अचानक अंधुक झाली किंवा कानात आवाज येऊ लागले तर तो संशय धरावा. हिपॅटायटिस सी आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो, परंतु बरे झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो. शिवाय हिपॅटायटिस सीवर उपचार चालू असताना दबलेला हिपॅटायटिस बी उफाळू शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी करून घेतात.

प्रश्न : माझे वय २७. काहीही त्रास नसताना गर्भाशयमुखाची तपासणी करायला सांगितली आहे. आवश्यक आहे का?

उत्तर : होय. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, कारण त्यामागचा एचपीव्ही हा विषाणू त्यांच्या शरीरातून सहजी निघून जात नाही. म्हणून २५ व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी, एचपीव्हीची जनुकीय चाचणी करावी अशी शिफारस आहे. लस घेतली नसेल तर त्याविषयीही विचारा. एचआयव्ही असताना शक्यतो तीन मात्रा देतात.

प्रश्न : बदनामीच्या भीतीने मी इतर आजारांसाठी जातो त्या डॉक्टरांना एचआयव्हीविषयी काही सांगत नाही. याने नुकसान होते का?

उत्तर : होऊ शकते. तुमची भीती मी अवास्तव म्हणणार नाही. दवाखान्यांत वाईट वागणूक मिळाल्याची पत्रे आम्हाला येतात. पण हिवतापावरच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेन्झमुळे घटते, क्षयाच्या रिफॅम्पिसिनसोबत एचआयव्हीची प्रोटिएज गटातील औषधे चालत नाहीत, आणि त्याच गटातील रिटोनाव्हिर घेणाऱ्याला दम्याचा फ्लुटिकासोनचा फवारा दिला तर साठलेल्या स्टेरॉइडचे परिणाम अंगभर दिसतात. समोरच्या डॉक्टरांना गोळ्या माहीत नसतील तर यांतील काहीच टळणार नाही. निदान उच्चारणे जड जात असेल, तर चालू औषधांची नावे आणि डोस लिहिलेला कागद पुढे ठेवा. तेही नको वाटत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी पहिली गोळी घेण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला दाखवा. आम्लपित्ताचे औषध, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही त्यात धरा, कारण त्यांच्याबरोबर उपाशीपोटी घेतलेले डोल्युटेग्रॅव्हिर आतड्यातून नीट शोषले जात नाही. ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे लागते.